पत्र्याआडचा तलाव

लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्या ह्यांनी आपणहून कपडे धुवायला घेतले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. स्वतःचा रुमाल कुठल्या कप्प्यात असतो हे ज्याला ठाऊक नाही, तो माणूस भल्या सकाळी बादलीत साबण कालवताना दिसला तर बायकोने काय समजायचं? मी आधी तब्येत विचारली. मग काही फुटलंबिटलंय का ते विचारलं. ते म्हणाले, तू किती वर्षं धुतेस, आता जरा आराम कर. एवढं ऐकल्यावर तर माझी खात्रीच पटली की आत काहीतरी शिजतंय.

हे बसचालक होते. निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला गावाबाहेरच्या खाऱ्या माळावर एका खासगी कंपनीने रॉकेट उडवायचा तळ बांधायला घेतला. आमची गच्ची नेमकी त्या बाजूला. ह्यांनी दुर्बीण आणली, तिला तीन पायांचा घोडा लावला, मोबाइल जोडला आणि रोज संध्याकाळी जगाला थेट दाखवायला सुरुवात केली: आज खड्डा किती खोल गेला, सळया किती आल्या, कुठल्या क्रेनने कुठे मान वळवली. बघणारे किती, तर चार हजार! चार हजार धडधाकट माणसं कामधंदा सोडून एक खड्डा बघतात यावर माझा विश्वास बसायला बरेच दिवस लागले. ह्यांचं पोट मात्र त्या आकड्यानेच भरायचं. रोज सुरुवातीला घसा खाकरून सांगायचे, "मंडळी, आजवर एकही बातमी मागे घ्यावी लागलेली नाही." मी त्यांचं नावच दुर्बीण ठेवलं.

आता मजा अशी की आमची एकुलती एक लेक त्याच तळावर वेल्डर. रॉकेटला टेकू द्यायला जो उंच लोखंडी मनोरा उभा राहत होता, त्याच्या टोळीत ती होती. आतलं काही बाहेर बोलणार नाही अशी कंपनीला सही करून दिलेली, आणि सहीला जागणारी. कुणावर गेली कोण जाणे, माझ्यावर नक्कीच नाही. हे आडून आडून विचारायचे, आज उंचावर वारा फार होता का गं? ती म्हणायची, वारा सगळीकडे सारखाच असतो, बाबा. मग दोघंही ताटात बघून जेवायची आणि मी एकटी तळमळत बसायची, कारण खरं सांगायचं तर मलाही ऐकायचं असायचं.

मग कंपनीने तळाभोवती उंच पत्रे ठोकले. गच्चीवरून दिसायचं ते फक्त क्रेनचं टोक. ह्यांनी दोन-तीन दिवस त्या टोकावरच रेटलं, पण क्रेनच्या टोकावर माणूस बोलून बोलून किती बोलणार? बघणारे गळायला लागले. ह्यांचा चेहरा उतरला, जेवणावरची वासना उडाली. मला खरंच वाईट वाटलं. आणि एक दिवस अचानक गाडी पुन्हा रुळावर आली. हे ठणकावून सांगू लागले की पत्र्यांमागे मनोऱ्याला गंज चढू न देणारा तांबडा रंग लागतोय, मनोऱ्याचा वरचा हात बसतोय. चार दिवसांनी तो हात पत्र्यांवर डोकावला आणि दुर्बिणीची गावभर वाहवा झाली.

कपडे धुणं सुरू झालं ते याच दिवसांत. मग मी काय, न्हाणीघराच्या दाराच्या फटीला डोळा लावला. हे स्टुलावर बसलेले, नाकावर वाचायचा चष्मा, मांडीवर लेकीची डांगरी. कंपनी रॉकेट बांधते, पण कामगारांचे कपडे धुवायची सोय करत नाही, त्यामुळे तो गळ्यापासून घोट्यापर्यंतचा राखाडी पोशाख घरीच यायचा. हे गुडघ्यावर नख फिरवून बघत होते, बाही हुंगत होते. गुडघ्याला सिमेंट, म्हणजे खाली ओतकाम. कोपराला तांबडा रंग, म्हणजे मनोरा. खांद्यावर ठिणग्यांची भोकं, म्हणजे डोक्यावरचं वेल्डिंग, म्हणजे तो वरचा हात. पोरीच्या तोंडाला कुलूप होतं, पण बाप तिच्या बाह्यांशी गप्पा मारत होता.

मी काही बोलले नाही. का बोलू? कपडे आयते धुऊन मिळत होते, नवरा खुशीत होता आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन मलाही बातमी कळत होती. असा संसार रोज थोडाच जमतो.

पण चोराच्या मनातलं चांदणं कधीतरी मावळतंच. एका संध्याकाळी लेक घरी आली ती पाय आपटत. कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याने, ज्याला सगळे मिशीवाले म्हणत, तिला बोलावलं होतं. आतल्या बातम्या गच्चीवर जातात आणि गच्ची तुझ्या घरची, तेव्हा तूच सांग बातमी कोण फोडतं, असं त्याने विचारलं होतं. मनोऱ्याचा शेवटचा तुकडा पुढच्या आठवड्यात चढणार होता आणि त्याचा सांधा भरायला तिची निवड झाली होती. आता मात्र मिशीवाल्याची खात्री पटेपर्यंत तिला वर चढायला मनाई होती. तिने हे सगळं जेवताना सांगितलं, बापासमोर. हे खाली मान घालून ऐकत राहिले आणि हात धुवायला उठले ते परत आलेच नाहीत.

लेक माझ्याजवळ येऊन रडली. ही पोर लहानपणी झाडावरून पडली तरी रडली नव्हती. म्हणाली, "आई, त्या सांध्यासाठी मी तीन वर्षं खाली बसून रेलिंगं जोडली. मी खरंच कुणाला एक शब्द सांगितला नाही गं." मग माझ्याने राहवेना. मी तिला न्हाणीघराची फट दाखवली आणि डांगरीची गोष्ट सांगितली.

आधी ती भडकली, मग हसली, मग पुन्हा भडकली. मी म्हटलं, मी आत्ताच जाऊन त्यांचं तोंड बंद करते. ती म्हणाली, मुळीच नको. आज मला विचारलं आणि उद्यापासून बाबा मुके झाले, तर सगळं माझ्याच गळ्यात येईल. बाबांनी बोलत राहायला हवं, पण चुकीचं बोलायला हवं. ते तर आणखी अवघड होतं. हे दुर्बिणीत दिसेल ते सांगतील, पण कुणी जीव घेतला तरी खोटी बातमी देणार नाहीत. बस चालवायचे तेव्हाही, गाडीला उशीर माझ्यामुळेच झाला म्हणून स्वतःच सांगून टाकायचे. त्यांना सांगून काही होण्यासारखं नव्हतं, फसवायलाच हवं होतं. आणि फसवायचं म्हटल्यावर माझ्या अंगात काय शिरलं देव जाणे, मी वीस वर्षांनी लहान झाले.

लेकीची एकच अट होती: तळावरची चिमूटभर मातीसुद्धा ती आणणार नाही, कंपनीची वस्तू ती कंपनीची. मग जे काही करायचं ते घरातल्याच मालावर. माळ्यावर निळ्या रंगाचा उरलेला डबा होता, तो मी कोपरांना फासला. मागे फुटलेल्या फरशीचे कपचे कुटून खिशात भरले. फरशीच्या सांध्यात भरतात ते पांढरं सिमेंट मात्र घरात कुठून असणार? मी स्वयंपाकघरात गेले आणि मूठभर पीठ गुडघ्यांवर चोळलं. लेक म्हणाली, हुबेहूब. आम्ही दोघी तोंडावर उशा दाबून हसलो आणि डांगरी गुपचूप बादलीशेजारी टाकून आलो.

दुसऱ्या दिवशी हे नेहमीसारखे न्हाणीघरात गेले. बराच वेळ आत होते. संध्याकाळी मी जिन्यात कान लावून बसले. ह्यांनी घसा खाकरला, पण रोजचं वाक्य म्हटलं नाही. म्हणाले, "मंडळी, आत निळा रंग आलाय, फरश्या आल्यात, सांधे भरणं चाललंय. कंपनी पत्र्यांमागे पोहण्याचा तलाव बांधते आहे." कुणीतरी लिहून विचारलं, रॉकेटवाल्यांना तलाव कशाला? हे जराही न अडखळता म्हणाले, अंतराळात जाणाऱ्यांना तरंगायची सवय नको का? मी हाताने तोंड दाबून धरलं. त्या कंपनीच्या रॉकेटमधून माणूस जाणारच नव्हता. जाणार होते ते फ्रिजएवढे उपग्रह, आणि ही गोष्ट ह्यांनीच चार हजार जणांना पाठ करून दिलेली.

मग जे व्हायचं ते झालं. कुणी रॉकेटला पोहायची ट्यूब घातलेलं चित्र काढून पाठवलं, कुणी विचारलं, काका, तलावाचं तिकीट कितीला? दोन दिवसांत ह्यांचं नाव तलावकाका पडलं. जे रोज वाहवा करायचे तेच रोज टोप्या उडवू लागले आणि निम्मे तर बघायचे बंदच झाले. तळावर मिशीवाल्याने ते चित्र आल्यागेल्याला दाखवलं, पोट धरधरून हसला आणि लेकीला बोलावून म्हणाला, तुमच्या घरातून बातमी फुटत असती तर निदान खरी तरी फुटली असती. उद्यापासून वर चढ.

लेक ही बातमी घेऊन उड्या मारत आली आणि दारातच थांबली. हे कोपऱ्यात बसून मोबाइलवर त्या टवाळ्या एकेक करून वाचत होते. कुणाला उत्तर देत नव्हते. आमचा दोघींचा सगळा खट्याळपणा तिथल्या तिथे विरला. ज्या माणसाने आयुष्यात एकच फुशारकी मारली, तीच आम्ही कुटून बादलीत घातली होती. मला माझाच राग आला.

जेवणं झाल्यावर लेक गच्चीवर गेली. मीही मागोमाग गेले आणि वरच्या पायरीवर थांबले, मध्ये पडायचं नाही असं ठरवून. ती खाली मान घालून म्हणाली, बाबा, तुम्हाला काहीतरी सांगायचंय, त्या डांगरीवर आम्हीच...

ह्यांनी तिला पुरतं बोलू दिलं नाही.

"पीठ होतं ते," हे म्हणाले. "गरम पाण्यात पडल्यावर त्याची खळ झाली. डांगरी वाळून एवढी कडक झाली की दोरीवरून काढून भिंतीला टेकवली तर उभी राहिली. तुझ्या आईला सांग, फसवायचं असेल तर जो रोज धुतो त्याला काय काय कळतं, ते तरी बघावं."

मला तर पायरीतून खाली जावंसं वाटलं. लेकीने विचारलं, "मग सगळं माहीत असून बोललात कशाला?"

"तुला वर चढायचं होतं ना," हे म्हणाले, आणि दुर्बिणीची काच रुमालाने पुसायला लागले.

तिने त्यांचा हात धरला. आता ती रडतच होती, आणि मीही. मग तिने डोळे पुसले, इकडे तिकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. म्हणाली, बाबा, मी तुम्हाला एक खरी बातमी देते, उड्डाणाची तारीख ठरली आहे, ती...

ह्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. "एक शब्द सांगू नकोस," ते म्हणाले. "तू सही केली आहेस."

दोघं शेजारी शेजारी बसून पत्र्यांच्या वर दिसणाऱ्या क्रेनच्या टोकाकडे बघत राहिली. आणि जिन्यात मी मान लांब करून उभी, एवढा उपद्व्याप करून निदान तारीख तरी पदरात पडेल म्हणून, तर बापाने ऐकली नाही आणि लेकीने पुन्हा उच्चारली नाही. मी नाक पुसलं आणि खाली जाऊन उद्याचं धुणं स्वतःच बादलीत भिजत घातलं.