दसऱ्याच्या अक्षता

झाशीतल्या खंडेराव गेटच्या जनार्दनरावांचा जगात कुणावर भरवसा नव्हता. दूधवाला पाणी घालतो, सुतार लाकूड बदलतो, आणि वडिलांच्या जुन्या मोटारीला हात लावणारा प्रत्येक मिस्त्री तिचे अस्सल भाग लंपास करतो, अशी त्यांची ठाम समजूत होती. सूट फक्त शिवाजीला. जवळच्या बबिन्याच्या छावणीत लष्करी गाड्या दुरुस्त करणारा हा साताऱ्याकडचा हवालदार दर रविवारी येई, मोटारीशी खटपट करी आणि पोटभर मराठी बोले. घरात मुलगा-सून हिंदीच बोलत. बायको गेल्यापासून त्यांना "काका" म्हणून हाक मारणारं झाशीत दुसरं कुणी उरलं नव्हतं. रविवारकडे त्यांचे डोळे लागलेले असत.

यंदा दसरा रविवारीच आला. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलेलं होतं. शिवाजीने त्याखालची, सांध्यातून पाणी गळू नये म्हणून घालायची, वडिलांच्या वेळची तांब्याची गॅस्केट शेगडीवर लाल होईतो तापवली आणि पाण्यात बुडवली. बाहेर आली ती मऊ, लवणारी. जनार्दनरावांच्या मनात पाल चुकचुकली.

"हीच का ती?"

"तीच की, काका. तापवली की तांबं मऊ पडतं, नीट बसतं."

मग गॅस्केटखाली द्यायच्या लेपावरून वाद झाला. वडील शेलॅक, म्हणजे पातळ केलेली लाख, लावायचे. शिवाजीने खिशातून बिननावाची डबी काढली.

"शेलॅक कडक होतंय, पुढं हेड काढताना रडवतंय. हे मऊ राहतं. पातळ हात पुरे, जाड लावला तर पाण्याच्या वाटा बुजतील."

डबीवर नाव का नाही, हा प्रश्न जनार्दनरावांनी कसाबसा गिळला.

ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या धडावर, लेप देऊन, जरा सुकू दे म्हणत शिवाजी चहाला आत गेला. दसऱ्याला यंत्राची पूजा नाही म्हणजे काय! जनार्दनरावांनी इंजिनावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, त्या पुन्हा वेचून घेतल्या आणि वडिलांची वस्तू म्हणून गॅस्केट स्वतःच्या हाताने ठेवली. शिवाजीने वर हेड बसवून मधून कडेकडे नट आवळत नेले.

मोटार गावातल्या लक्ष्मी ताल तळ्यापर्यंतही गेली नाही. हेडखालून पाणी ठिबकू लागलं. आठवडाभर जनार्दनराव मनात धुमसत राहिले. तापवतानाच शिवाजीने गॅस्केट बदलली, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. रविवारी शिवाजी फाटकातून आत येतो न येतो तोच ते कडाडले,

"माझ्या वडिलांची गॅस्केट कुठे लपवलीस? चोर कुठला!"

शिवाजीने हेड उतरवलं, गॅस्केट सोडवली आणि पुढे धरली. कोपऱ्यात वडिलांनी खुणेसाठी कानशीने पाडलेली, जनार्दनरावांच्या विस्मरणात गेलेली खाच जशीच्या तशी होती. तिच्या शेजारी, पाणी गळत होतं तिथेच, तांब्याला पोचा आला होता. खाली ब्लॉकच्या लेपात तांदळाचा एक चेपलेला दाणा रुतून बसला होता. कुंकवाने लाल झालेला.

जनार्दनरावांचं तोंड एवढंसं झालं. "शिवाजी, अरे, चुकलं रे माझं..."

शिवाजीने सगळं घासून साफ केलं, गॅस्केट पुन्हा तापवली, पातळ लेप दिला, हेड आवळलं. इंजिन सुरू झालं, थेंब गळेना. हात धुऊन त्याने ती डबी जनार्दनरावांच्या हातात ठेवली.

"रख लीजिए, बाबूजी," तो म्हणाला. "दूसरे मिस्त्री के काम आएगी."