तव्यावरचे दोन चतकोर

मी तवा बोलतोय. बोलायची मला हौस नाही. आयुष्यभर चुलीवर लटकून दुसऱ्यांची बडबड ऐकली आणि माझं बरं चाललं होतं. पण आज घरात माणूस नाही. माझ्यावर बटाट्याच्या भाकरीचे दोन चतकोर आहेत, खाली विस्तव आहे आणि बाहेर ओहोटी लागली आहे. आता मी नाही बोललो तर कोण बोलणार?

वेळ थोडा आहे, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

मी जन्मानं तवा नाही. मी एका जहाजाचा पत्रा. डोनेगालच्या या किनाऱ्यावर ते जहाज खडकावर आपटून फुटलं आणि कितीतरी हिवाळे मी समुद्राच्या तळाशी पडून होतो. मग एका वादळानं मला उचलून वाळूत फेकलं. या घरच्या मॅनसच्या आजोबांनी मला खांद्यावर टाकून लोहाराकडे नेलं. लोहारानं मला तापवलं, बडवलं, गोल केलं, टांगायला वरून कडी लावली. "समुद्राचं लोखंड आहे, याला मरण नाही," असं तो म्हणाला. फुशारक्या मारायची त्याला सवयच होती.

या घरातल्या आजीनं मला वापरलं, सुनेनं वापरलं, मग मॅनसची बायको म्हणून रोशीन आली. दलदलीतून कापून वाळवलेल्या, लाकडासारख्या जळणाऱ्या मातीच्या विटांचा विस्तव, धुरकट भिंती आणि मी, एवढाच संसार. पण भाकरी करावी तर रोशीननंच. उकडलेल्या बटाट्यांचं पाणी निथळलं की भांडं पुन्हा आचेवर धरून ती ते कोरडे करी. मग गरम असतानाच कुस्करायचे, हात पोळले तरी थांबायचं नाही. बटाटा गार झाला की पीठ जास्त मागतो आणि भाकरीचं चामडं होतं. मीठ, लोण्याचा गोळा, मूठभर पीठ. गोल थापून सुरीनं चार चतकोर. मला तेल नाही, तूप नाही. नुसतं पीठ भुरभुरायचं. ते बदामी झालं की मी तयार.

शेजारचा पॅकी वासावर यायचा.

"माझ्या बायकोची भाकरी मी होडीला नांगर म्हणून बांधलीय," असं म्हणत तो उभ्याउभ्या दोन चतकोर संपवायचा.

"आणि घरी गेल्यावर तिला काय सांगतोस?" रोशीन विचारायची.

"सांगतो, भूक नाही. नांगर गेला तर होडी जाईल."

तेव्हा या घरात असं हसणं होतं.

इथल्या कोळ्यांचा एक नेम आहे. होडीकडे जाताना लाल केसांची बाई समोर आली, तर माघारी फिरायचं. त्या दिवशी समुद्रावर जायचं नाही. आणि रोशीनचे केस होते लालभडक. लग्न होऊन आल्यापासून होड्या पाण्यात जाईपर्यंत ती कधी उंबऱ्याबाहेर पडली नाही. विहिरीवर नाही, कोंबड्यांना दाणे टाकायलासुद्धा नाही. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही इथं.

त्या सकाळी डोनल भाकरी विसरला. डोनल म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, बापाच्या होडीवर जायचा. फडक्यात बांधलेले चतकोर माझ्या शेजारीच राहिले. रोशीननं ते पाहिले आणि पुरचुंडी उचलून सरळ धावत सुटली. आई ती, मुलगा उपाशी जातोय एवढंच तिला दिसलं. वाटेच्या मध्यावर पोहोचल्यावर तिला आपलं डोकं उघडं असल्याचं कळलं. दार उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसलं.

"आई, आत जा," डोनल हसत म्हणाला. "बाबांनी बघितलं तर आज सुट्टीच."

"बघितलं त्यानं. फिरा ना रे माघारी. एका दिवसानं काय होतंय?"

"अगं, तुझे निम्मे केस पांढरे झालेत. निम्म्या अपशकुनाला कोण घाबरतंय?"

मॅनस वल्हं खांद्यावर घेऊन उभा होता. त्यानं बायकोकडे बघितलं, मग आभाळाकडे बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. तो होडीकडे चालू लागला.

संध्याकाळी होडीतून मॅनस एकटा उतरला. एका लाटेनं डोनलला नेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून गाव शोधाला लागलं. जिवंत सापडेल अशी आशा इथं कुणी धरत नाही. देह मिळावा म्हणून शोधतात. रोशीनलाही तेवढंच हवं होतं. मुलाला न्हाऊ घालायचं, चांगला सदरा चढवायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याच्याभोवती बसायचं आणि मग टेकडीवरच्या मातीत ठेवायचं. एवढंही देवाला जड जावं?

शोधाचीही रीत आहे. शोधणाऱ्यांना बुडालेल्याच्या घरानं खाऊ घालायचं आणि ज्यानं त्या घरची भाकरी खाल्ली, त्यानं पुढच्या ओहोटीला होडी काढायची. शपथ नाही, बोलाचाली नाही. म्हणून रोशीन मला थंड होऊ देईना. भाकरी थांबली की शोध थांबला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचे तळवे फोडांनी भरले. माझ्या अंगातून ऊब जायच्या आत पुढची भाकरी पडायची. मला वाटे, मी तडकेन. पण तडकायला मला सवड कुठे होती?

मॅनस मात्र कोपऱ्यात बसून होता. बायकोशी तो बोलत नव्हता आणि तिच्या भाकरीला शिवत नव्हता. भूक अनावर झाली की भांड्यातला उकडलेला बटाटा सालासकट खायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "समुद्रानं घेतलं ते मागू नये. मागितलं तर तो आणखी एक घेतो."

पुढे पुढे माणसं कमी होऊ लागली. दारात येत, टोपी काढत, विचारपूस करत. रोशीननं ताटली पुढे केली की कुणी म्हणे, आत्ताच चहा घेतला. कुणी म्हणे, पोट ठीक नाही. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनाही बायकामुलं होती. पण गार झालेले चतकोर ती माझ्यावरून उचलायची, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आज उधाण आहे. उधाणाच्या ओहोटीला समुद्र तळातलं वर आणतो, आणि आज नाही आणलं तर मग कधीच नाही, असं सगळे म्हणतात. रोशीन सकाळीच उठली आणि माळ्यावरची टोपली खाली घेऊन बटाटे सोलायला बसली.

मॅनस इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "रोशीन, ते बियाणं आहे."

"माहितीये मला."

"लावणी तोंडावर आलीय. पुढच्या वर्षी खाणार काय?"

"पुढचं वर्ष कुणासाठी लावायचंय?"

तिनं बटाटे उकडले, कुस्करले, भाकरी थापली. चार चतकोर माझ्यावर पडले. एवढ्यात पॅकी आला. तिनं पहिला भाजलेला चतकोर ताटलीत घालून त्याच्यापुढे धरला.

पॅकीनं ताटली हातानं मागे सारली. "पोट भरलंय गं."

"तुझं? जन्मात कधी भरलं होतं रे तुझं पोट?"

तिनं हसून म्हणायचा प्रयत्न केला, पण आवाज मध्येच फाटला. पॅकीनं तोंड फिरवलं. "रोशीन, नको गं मला खायला लावू. कालची लाट बघितलीस ना? मला तीन पोरं आहेत."

रोशीननं ताटली खाली ठेवली. तो चतकोर उचलला आणि स्वतः खाल्ला. शांतपणे, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मग डोनलचा मेणकापडी कोट अंगावर चढवला आणि डोक्याचा रुमाल काढून ठेवला.

"अगं, कुठे निघालीस?" पॅकी दारात आडवा आला. "होडीत बाई? आणि तीही..."

"बोल ना. लाल केसांची. सगळं गाव मनात म्हणतंय, तू तोंडानं म्हण." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तूही म्हण एकदा. मी समोर आले म्हणून माझा पोरगा गेला. तू बोलत नाहीस म्हणून मला कळत नाही असं वाटलं का तुला?"

मॅनस उठला. इतके दिवस बसून त्याचे गुडघे धरले होते.

"तू समोर आलीस ते मी बघितलं होतं," तो म्हणाला. "आणि तरी फिरलो नाही. डोनल हसण्यावारी नेत होता, पण मला नेम माहीत होता. मासा लागलाय म्हणून मी पुढे गेलो. तुझ्याशी बोलायला मला तोंड कुठे होतं?"

रोशीन रडली नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हा तवा कुठून आला? समुद्रानंच टाकला ना वाळूत? इतक्या वर्षांनी? लोखंड परत देतो तो. माझं लेकरू का नाही देणार?"

मॅनसनं हात पुढे केला आणि माझ्यावरचा चतकोर उघड्या बोटांनी उचलला. बोटं भाजली, मला कळलं. त्यानं तो तसाच तोंडात घातला. चावताना त्याच्या डोळ्यांतलं पाणी दाढीवरून ओघळत होतं.

"पॅकी, बाजूला हो," तो म्हणाला. "दुसऱ्या वल्ह्यावर ती बसेल."

दोघं गेली. पॅकी माझ्यावर उरलेल्या दोन चतकोरांकडे जरा वेळ बघत उभा राहिला. मग तोही बाहेर पडला, न खाता. त्याचे बूट घराकडे वळले की किनाऱ्याकडे, मला ऐकू आलं नाही. वारा फार आहे.

मी समुद्राच्या तळाशी राहिलेला आहे. तिथं किती गार असतं, किती काळोख असतो, मला विचारा. डोनल तिथं आहे, आणि आता त्याची आई अन् बाप त्याच पाण्यावर आहेत. दोन म्हातारी माणसं, एक होडी. मी इथं कडीला लटकून आहे.

चतकोर खालून करपायला लागलेत. कुणी उलटायला नाही. दार उघडं आहे, वाट सरळ पाण्याकडे जाते. कुणी असाल तर आत या. मीठ बेताचं आहे, लोणी घातलेलं आहे, बियाण्याच्या बटाट्यांची भाकरी पुन्हा कधी मिळायची नाही. खा, पोटभर खा. पण खाल्लंत तर बसू नका, लगेच निघा. ओहोटी चालू आहे.