प्लॉयच्या पासपोर्टमधली उलटलेली तारीख

मी प्लॉयचा पासपोर्ट. कव्हर लालसर, त्यावर सोनेरी गरुड. जन्म बँकॉकचा, पण आयुष्य गेलं ते अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या एका सोसायटीत, कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात. माझ्या पाठीला पाठ लावून तानचा पासपोर्ट असतो. तान म्हणजे प्लॉयचा धाकटा भाऊ.

माझ्यातल्या फोटोत प्लॉय नऊ वर्षांची आहे. हसायचं नाही, असं फोटोवाल्याने बजावलं म्हणून गाल फुगवून बसलेली. आता तिला बारा पूर्ण झाली. खाली खेळताना "ए, चीटिंग नाय हां करायची!" असं ओरडते, तेव्हा ही पोरगी परदेशातली आहे हे मलासुद्धा आठवावं लागतं.

तिची आई अरुणी एका हॉटेलात थाई स्वयंपाक करते. नवरा वारल्यावर दोन्ही मुलांना घेऊन ती इथे कामाला आली. शेजारच्या कुंदाकाकूंनी पहिल्याच आठवड्यात तिचं 'अरुणा' करून टाकलं. ओल्या नारळाच्या वाटणावर दोघींचं जमलं. तिला हिंदी थोडं येतं, काकूंनाही थोडंच येतं, तरी गप्पा संपत नाहीत.

माणसांची एक सवय मी पाहिली आहे. आम्हाला ती फार जपतात. डब्यात ठेवतात, डबा कपाटात, कपाटाला कुलूप. फक्त उघडून बघत नाहीत.

गेल्या सप्टेंबरात अरुणीच्या व्हिसाची मुदत वाढवायची होती. अर्ज भरला कुंदाकाकूंच्या यजमानांनी. शरच्चंद्रकाका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या अर्जांतल्या चुका लाल शाईने दाखवल्या. अर्जात कुटुंबीयांचा रकाना आला, तिथे त्यांनी दोन्ही मुलांची नावं घातली आणि चष्मा काढला.

"अंकल, बच्चों का?" अरुणीने विचारलं होतं.

"अरे, हो गया! रेशनकार्डासारखंच असतं ते. घरच्या मोठ्या माणसाचं झालं की खालच्या सगळ्यांचं होतं."

रेशनकार्ड अरुणीने कधी पाहिलं नव्हतं. तिने मान डोलावली.

मुलांचा अर्ज वेगळा करायचा असतो. माझ्या सातव्या पानावर प्लॉयच्या व्हिसाच्या मुदतीची तारीख स्वच्छ लिहिली होती. ती आली आणि गेली. मला सगळं कळत होतं, पण आम्हाला तोंड नाही. त्या रात्री तानचा पासपोर्ट आणि मी नुसते एकमेकांना टेकून पडलो होतो.

जूनमध्ये शाळेने कागद मागितले आणि नऊ महिन्यांनी डबा उघडला. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी मला दोनदा उलटंपालटं केलं. "अहो, मुलांचा व्हिसा कधीच संपलाय की!"

व्हिसाच्या एका एजंटाने तर सरळ सांगितलं, मुलांना परत पाठवा, पुन्हा येता येईल की नाही, सांगता येत नाही. पाठवायचं कोणाकडे? आजी गेल्या वर्षी गेली. आई इथे आणि मुलं तिकडे, परक्या घरात. अरुणी त्या दिवशी कामावर गेली नाही. प्लॉयने तिला एकच विचारलं, "आई, आम्ही काय केलं पण?" तिच्या तोंडून ते मराठीतच आलं. अरुणीने तिला नुसतं जवळ ओढलं.

काका चार दिवस दाराबाहेर आले नाहीत. पाचव्या दिवशी काकू येऊन आम्हा दोघांना घेऊन गेल्या आणि काकांच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं.

"उशीर का झाला, ते व्हिसाच्या कार्यालयाला लेखी द्यायचंय म्हणे. लिहा."

काकांनी लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर रकाना संदिग्ध होता. दुसऱ्यावर सूचना अपुऱ्या होत्या. तिसऱ्यावर अर्जदार बाईंना भाषेची अडचण होती. काकूंनी तिसरा वाचला आणि फाडला.

"तिची अडचण? तिने तुम्हाला विचारलं होतं की नाही? बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यात ना? आता एक स्वतःची लिहा."

"कुंदे, नाव जाईल गं माझं."

"पोरं जातील, त्याचं काय?"

काका बराच वेळ माझ्यातल्या गाल फुगवलेल्या फोटोकडे बघत राहिले. मग लिहिलं: 'मुलांचा वेगळा अर्ज लागत नाही असे मीच सांगितले. विचारूनही चुकीचे सांगितले. चूक माझी आहे, मुलांची किंवा त्यांच्या आईची नाही.' खाली सही.

सगळे कागद पाठवले, कार्यालयाने भेटीला बोलावलं. निघताना काकू मला कुंकू लावायला करंडा घेऊन आल्या.

"अगं, अगं! सरकारी कागद आहे तो! डाग पडला तर आणखी एक अर्ज!" काका ओरडले.

मग कुंकू पिशवीला लागलं, आणि काकांच्या कपाळालाही.

कार्यालयातल्या बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. "हे कोणी लिहिलं?"

काका उभे राहिले. "मी. मॅडम, मी स्वतः कचेरीत होतो. मला कळायला पाहिजे होतं."

"बसा हो काका. इथे रोज माणसं येतात, प्रत्येकाची चूक दुसऱ्यानेच केलेली असते." बाईंच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. "दंड भरावा लागेल. बाकीचं मी वर पाठवते. सांगू शकत नाही, पण बघू."

सतरा दिवस गेले. रविवारी दुपारी काका एका पायात चप्पल घालून आले. हातात ईमेलवरून छापून काढलेले दोन कागद.

"प्लॉयचा," ते म्हणाले. "तानचा. वेगळा वेगळा. दोघांचाही झाला."

अरुणी होती तिथेच, ओट्याला टेकून खाली बसली. हसत होती की रडत होती, मला नीट दिसलं नाही. प्लॉय तिच्या गळ्यात पडली होती. काकू म्हणाल्या, "रडतेस काय गं अरुणा, कढई जळतेय!" आणि स्वतःच डोळे पुसत गॅस बंद केला. तान तेवढा गंभीर होता. "म्हणजे उद्या शाळेत जायचंच?"

तो कागद आता घडी करून माझ्यात ठेवला आहे. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!

माझी मुदत अजून दीड वर्ष. मग माझा एक कोपरा कापतील आणि नवा पासपोर्ट येईल, त्यात मोठी झालेली प्लॉय असेल. त्याचं मला वाईट वाटत नाही. मागणं इतकंच, की आजच घरातले कागद बाहेर काढा आणि लहानांच्या तारखा आधी वाचा. त्यांचं सगळं आपोआप होत असेल, असं धरून चालू नका. आणि चुकलंच, तर शरच्चंद्रकाकांसारखं, चटकन नाही तर चार दिवसांनी का होईना, पण लिहून द्या.