आत्याबाईंचा शेवटचा गुरुवार

आमच्या कचेरीत मालिकांना नावं नसतात, वेळा असतात. सातची, साडेसातची, आठची. "आठची सून माहेराहून परत आली का गं?" असं कुणी हॉलभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं तरी एक मान वर होत नाही. आठवड्याच्या पुरवणीतलं 'या आठवड्यात काय पाहाल' हे पान माझं. सिनेमे, मालिका, गाण्यांच्या स्पर्धा, झालंच तर समुद्राखालच्या माशांचा माहितीपट. पानाच्या तळाशी 'चुकवू नका' नावाची चौकट असते आणि तिच्यात फक्त पाच गोष्टी मावतात. त्या पाच जागांसाठी लोक माझ्याशी किती गोड बोलतात ते सांगत बसले तर ही गोष्ट राहूनच जाईल.

लोकांना वाटतं, बाई सदानकदा पडद्यापुढे बसून असणार. कसली बसतेय! वीसबावीस मालिका, प्रत्येकीचा रोज एक भाग. ते पाहायला लागले तर लिहू कधी आणि जेवू कधी? दर सोमवारी वाहिन्यांकडून पुढच्या आठवड्याचे गोषवारे येतात. मंगळवारी कोण कुणाला काय बोलणार, शुक्रवारी कोण दारात येऊन उभं राहणार, सगळं त्यात असतं. त्यावरून लिहायचं. या धंद्यात सगळे हेच करतात. शितावरून भाताची परीक्षा होते की नाही? झालं तर मग. एक पथ्य मात्र कडक असतं. कोण मरणार ते छापायचं नाही आणि बाहेर बोलायचंही नाही. 'घरावर संकट' एवढंच लिहायचं. वाचक हुशार असतात, ते बरोबर एक माणूस वजा करून ठेवतात.

तर त्या सोमवारी साडेसातच्या गोषवाऱ्यात पुढच्या गुरुवारसमोर लिहिलं होतं: 'धाकट्या सुनेला सावरताना आत्याबाई जिन्यावरून कोसळतात. मृत्यू. सून स्वतःला दोष देते.'

या आत्याबाई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण.

आई गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांत ताईला हे काम मिळालं आणि तेव्हापासून ती त्या मालिकेत आहे. गोषवाऱ्यात तिचं नाव कधी येत नसे. ज्यांच्या हातून काही घडतं त्यांचीच नावं तिथे येतात, आणि आत्याबाईंच्या हातून काही घडायचं नाही. त्या दार उघडायच्या, चहा टाकायच्या, दुसऱ्यांचं ऐकून घ्यायच्या. इतक्या वर्षांत नाव आलं ते मरण्यापुरतं. मीही तिच्याबद्दल पानावर कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. कारण सरळ होतं. घरचं माणूस म्हणून डोक्यावर घेतलं असं उद्या कुणी म्हणायला नको. तिनेही कधी विषय काढला नाही. आम्ही दोघी बहिणी ताठ मानेच्या, आमच्यात मागण्याची आणि देण्याची पद्धतच नाही.

नटांना आधी काही सांगत नाहीत. त्या दिवशीचे कागद त्या दिवशी सकाळी मेकअपच्या खोलीत हातात पडतात. म्हणजे मला माहीत होतं आणि तिला नव्हतं. पथ्य गेलं चुलीत, म्हटलं, आणि संध्याकाळी तिच्या घरी गेले.

दार भावोजींनी उघडलं. ताई जेवणाच्या टेबलावर स्वतःचे फोटो पसरून बसली होती.

"आलीस? बरं झालं. यातला कुठला त्यातल्या त्यात बरा दिसतो सांग."

"कशाला हवाय?"

"सेटवरच्या भिंतीसाठी," ती म्हणाली. "त्यांच्याकडे तशी रीतच आहे. कुणी तोंडाने सांगत नाही. सजावटवाला येतो आणि म्हणतो, एखादा हसरा फोटो असेल तर द्या ना. की समजायचं, आपलं आटोपलं. मालिकेतल्या मोठ्या काकांना मागितला तेव्हा ते रुसले आणि त्यांनी पासपोर्टवरचा दिला. आता बघ, मालिका संपेपर्यंत भिंतीवर चोरासारखे दिसणार."

मला हसू आलं. वाईट बातमी सांगायला म्हणून तोंड पाडून आलेली मी, आणि इथे हिची तयारी झालेली.

"सेटवर आज जिना मजबूत करत होते. जिनाच आहे ना?" तिने विचारलं.

"जिना."

"मेल्यांनी गुडघ्यांचा तरी विचार करायचा. पलंगावर मारलं असतं तर काय बिघडत होतं?"

"भिंतीवर लावणार म्हणजे तू रोज दिसणार," भावोजी स्वयंपाकघरातून म्हणाले. "पाठांतर नाही, मेकअप नाही. बढतीच झाली म्हण की!"

ताईने फोटो गोळा करायला घेतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक मागू? गुरुवारचा भाग तुझ्या चौकटीत घे."

मला खरंच राग आला. इतकी वर्षं जे मागितलं नाही ते आता, ते पण यासाठी? "ताई, जिन्यावरून पडणारी बाई 'चुकवू नका'मध्ये घालू? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"तू आजवर काही लिहिलं नाहीस. मी कधी विचारलं का? तुझं कारण मला कळतं."

"कळतं ना? मग आता कशाला विचारतेस?"

"आता परत संधी नाही म्हणून."

आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी नाही. मी बोटाने एक फोटो दाखवला, निळ्या साडीतला, आणि काम आहे म्हणून उठले.

बुधवारी पान लावायला घेतलं. चौकटीत चार गोष्टी बसल्या, पाचवी जागा रिकामी. मी काही दगड नाही. 'गुरुवार, साडेसात' असं लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. पण पुढे काय लिहायचं? 'सुंदर अभिनय' लिहावं तर गोषवाऱ्यात अभिनय नसतो, फक्त घटना असतात. मनात आलं, एक जुना भाग लावून पाहावा. पण मग वाटलं, हिच्यासाठी पाहिला तर ते कौतुक नाही, भीक होईल, आणि भीक तिलाही चालणार नाही. असं स्वतःला पटवून दिलं आणि पाचव्या जागी मासे घातले. शुक्रवारी पुरवणी घरोघर गेली.

पुढच्या गुरुवारी दुपारी भावोजींचा फोन आला. "ती बोलणार नाही, म्हणून मी बोलतोय. पान झालं, संपलं. आज साडेसातला बहीण म्हणून ये."

गेले. भावोजींनी खुर्च्या एका रांगेत मांडल्या होत्या. ताई कडेच्या खुर्चीवर विणकाम घेऊन बसली होती. मालिका सुरू झाली आणि मला वाटलं होतं तशीच निघाली. एक जण ओरडतो, दुसरी दचकते, मग सगळ्यांचे चेहरे एकामागून एक, आणि प्रत्येक चेहऱ्यावर ढोल. मी घड्याळ बघत होते.

मग आत्याबाई आल्या. घरातला मोठा मुलगा त्यांच्यावर खेकसला, "तुम्हाला काय कळतंय यातलं?"

 आत्याबाईंनी ओट्यावरचं ओलं फडकं उचललं, चौघडी केली, खाली ठेवलं आणि तळहाताने दाबलं, तापातल्या पोराला थोपटावं तसं. "बरं, असू दे," त्या म्हणाल्या, कुणालाच नाही. चष्मा डोक्यावर सरकवला आणि लगेच इकडेतिकडे चष्मा शोधायला लागल्या.

ती आई होती. आईसारखी नव्हे, आईच. बाबा ओरडले की ती हेच करायची, अगदी त्याच क्रमाने, आणि फडक्यावरून हात उचलायला तेवढाच वेळ लावायची. मी खुर्चीच्या कडेवर आले. भावोजी शांतपणे बघत होते, त्यांना यात काही नवं नव्हतं. ताई पडद्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

पडद्यावर आई जिना चढायला लागली. एक हात गुडघ्यावर, अंग तिरकं, प्रत्येक पायरीला "हं" करत. वरून सून धावत आली. मी काय वाचलं होतं, कुठल्या शब्दांत वाचलं होतं, सगळं मला पाठ होतं. तरी मी मोठ्याने ओरडले, "नको, नको, वर जाऊ नकोस गं!"

ती पडली. पुढे सुनेचा चेहराच दाखवत राहिले, तीनतीनदा. मला काही दिसत नव्हतं, मी हमसून हमसून रडत होते. आई गेली तेव्हासुद्धा मी अशी रडले नव्हते. तेव्हा कामं होती, पाहुणे होते.

ताईने पाणी आणून दिलं. "पुरे गं. एवढं काय? तुला का हे नवीन आहे?"

"तू रोज अशीच करतेस?" मी विचारलं.

"रोज अशीच म्हणजे?" ती माझ्याकडे वळली.  "तू पाहिलं नव्हतंस?"

भावोजींनी आवाज बारीक केला.

"एकही भाग?" ताईने विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. ताई हळूच खुर्चीवर बसली.

"मला वाटायचं तुला राग आलाय," ती म्हणाली. "आईला रोज चारचौघांत उभी करते, तिच्या लकबींवर पोट भरते, म्हणून तू लिहीत नाहीस. मावशी फोन करते, मामी करते, आज तुमच्या आईला डोळे भरून पाहिलं म्हणतात. तूच तेवढी कधी काही बोलली नाहीस. म्हटलं, धाकटी आहे, तिला जास्त लागलं असणार. विचारून आणखी कशाला दुखवायचं?"

 दुसऱ्यांना काय पाहावं ते सांगत मी वर्षं काढली, आणि रोज साडेसातला माझी आई या घरात येऊन जात होती. आता उद्यापासून ती नव्हती.

"भावोजी," मी म्हटलं, "तुम्ही सगळे भाग साठवून ठेवलेत ना?"

"एकूण एक."

"पहिल्यापासून लावा."

"आता पाहून काय करशील?" ताईने विचारलं. रागाने नाही, तिला खरंच कळत नव्हतं.

"लावा हो," मी म्हटलं.

भावोजींनी पहिला भाग लावला. पडद्यावर एक भरलेलं घर, खूप माणसं, आणि मागे कोपऱ्यात ताई. हात कुठे ठेवावेत ते न कळून उभी राहिलेली, घाबरलेली, ताईच. मी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसले आणि शोधायला लागले.

"अगं, इतक्यात नाही," ताई मागून म्हणाली. "आई चौथ्या भागापासून येते."