अकरा नंबरच्या टाकीचा तळ

सोमवारपासून अकरा नंबरच्या टाकीचा तळ खाली चाललाय. मोजणारा मीच. छतावरच्या झाकणातून फीत सोडायची, टोकाचा पितळी ओळंबा तळाला टेकला की आकडा वाचायचा. एकोणीस वर्षं तो चौदा मीटर वीस येतो. सोमवारी सोळा आला, मंगळवारी तेवीस. बुधवारी तीस मीटरची फीत संपली आणि ओळंबा नुसता लोंबकळत राहिला. बाहेरून टाकी होती तेवढीच होती. मी तिला दोन प्रदक्षिणा घालून खात्री केली.

"तापमानाची दुरुस्ती लावली का?" आमच्या शिफ्टच्या प्रमुख कोरगावकर मॅडम म्हणाल्या.

"लावली."

"मग परत लावा."

परत लावली. टाकीतलं सगळं कच्चं तेल काढलं, वारा खेळवला, गॅस तपासला. आता कुणीतरी उतरून बघणं आलं. पाळी माझी होती. मी म्हणालो, गुडघा दुखतोय. गुडघा ठणठणीत होता. मला भीती वाटत होती. हरेश्वर उठला आणि कमरेला दोरी बांधू लागला. एकोणीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवतो. माझं खोटं त्याला कळतं, आणि तरी तो उठला, याची मला लाज वाटली.

"माझा बिल्ला तूच लाव रे, जनू," तो म्हणाला. "हात मोकळे नाय."

उतरणाऱ्याच्या नंबराचा बिल्ला झाकणाजवळच्या फळ्यावर टांगायचा आणि बाहेर आल्यावर त्यानेच तो काढायचा. डोळ्यांपेक्षा फळ्यावर विश्वास ठेवा, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. त्याचा नंबर एक्केचाळीस, माझा अडतीस. पाळी माझी हे सकाळपासून डोक्यात होतं. हाताने अडतीस टांगला.

तो उतरला. मी दोरी धरून बसलो. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे वर ओढ.

"शिडी संपली," खालून आवाज आला. "पन खाली अजून शिडी हाय."

दोरी सरकत राहिली. मग बऱ्याच वेळाने, "आता दगड लागला. वला हाय. भोकाभोकांतून तेल पाझरतंय."

हे मला पटलं. तेल जमिनीखाली तळ्यासारखं साठलेलं नसतं, दगडाच्या छिद्रांत मुरलेलं असतं, असं मॅडमनीच एकदा समजावलं होतं. ते काढलं की खालचा दाब पडतो. म्हणून जेवढं काढाल तेवढं काहीतरी परत भरावं लागतं. बहुतेक वेळा समुद्राचं पाणी भरतात.

दोन झटके बसले. मी ओढलं. दोरी हलली नाही.

मॅडम जिना चढून छतावर आल्या. "खालचा दाब चढलाय," त्या म्हणाल्या. "थोडासाच."

"किती?"

"एका माणसाइतका."

"हरेश्वर आत आहे. माणसं बोलवा, मॅडम. लवकर!"

त्यांनी फळ्याकडे पाहिलं. "हरेश्वर एक्केचाळीस. फळ्यावर अडतीस आहे. आत तुम्ही आहात."

"माझी चूक झाली. तो बिल्ला मी काढतो."

"काढा ना. बाहेर आल्यावर."

मी फळ्याकडे हात केला. पोचला नाही. फळा वर होता. हाताला शिडीचा गज लागला, त्याच्याखाली ओला, कोमट दगड. दोरी माझ्या कमरेला होती, गाठ हरेश्वरची, दुहेरी. वर भाकरीएवढा उजेड दिसत होता आणि त्यात एक डोकं, दोरी धरून बसलेलं. घोट्यापर्यंत पाणी आलं. बोट बुडवून चाखलं तर खारट होतं.

मी दोन झटके दिले. वरचं डोकं हललं नाही. मी आणखी दोन दिले, जोरात, आणि त्याच्या नावाने ओरडलो.

"थांब जरा," हरेश्वर वरून म्हणाला. आवाजात राग नव्हता. "गुडघा दुखतोय रे, जनू."