रंगाचे अकरा हात

मी एक जुनं चाक आहे. मोटरसायकलचं, आणि तेही पुढचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक पुढच्या-मागच्यात फरक करत नाहीत आणि माझं डोकं फिरतं. मागच्या चाकाला इंजिन ढकलतं. खड्डा आधी कोण खातं? मी.

मित्रांनो, आणखी एक कबूल करून टाकतो. मी पक्का जळकुकडा आहे. दुसऱ्याचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. ही गोष्ट त्या दुखण्याचीच आहे.

माझा जन्म ओतशाळेतला. मॅग्नेशियम नावाच्या धातूचा रस साच्यात ओतला, तो थंड झाला आणि सहा आऱ्यांचा मी बाहेर पडलो. ओताऱ्याने मला एका बोटावर उचलून दाखवलं तेव्हा सगळे बघत राहिले. मला विकत घ्यायला एक तरुण शर्यतवाला आला होता. ओताऱ्याने त्याला बजावलं, की हलकी चाकं पळतात छान, पण लवकर थकतात. धक्के पोटात साठवतात, ओल लागली की आतून कुरतडली जातात. वर्षं मोजून वापर आणि अधूनमधून रंग काढून, उघडं करून बघत जा. तरुणाने मान डोलावली. त्याचं लक्ष माझ्याकडे होतं, ओताऱ्याकडे नव्हतं.

तोच माझा मालक. त्याच्याबरोबर मी दहा हंगाम पळालो. वळणावर मला नुसतं मनात आणलं तरी वळता यायचं. दर हंगामाच्या आधी मालक गॅरेजच्या दारात पोतं अंथरून मला रंगाचा नवा हात द्यायचा. एक वर्ष निळा, एक वर्ष सोनेरी, एक वर्ष टोमॅटोसारखा लाल. मात्र जुना रंग त्याने कधी काढला नाही. म्हणायचा, खालचा हात म्हणजे गेलं वर्ष, ते कसं खरवडायचं? बाकीचे शर्यतवाले त्याची थट्टा करायचे, की अजून चार हात दे, म्हणजे टायर घालायची गरजच नाही. मला मात्र ते फार आवडायचं. इतर चाकांना एकच रंग असायचा, बिचाऱ्यांना.

दहाव्या हंगामात शेवटून दुसऱ्या वळणावर आम्ही कडेच्या दगडाला घासलो. माझ्या तिसऱ्या आऱ्याच्या मुळाशी चट्ट आवाज झाला. इंजिनाच्या गोंगाटात मालकाला तो ऐकू आला नाही. मी ऐकला. पण आम्ही जिंकलो होतो, मालकाने मला सगळ्यांदेखत थोपटलं, आणि मी ती गोष्ट मनातून काढून टाकली.

पुढे मालकाचा गुडघा गेला. मोटरसायकल बरीच वर्षं चादरीखाली राहिली. मग एके दिवशी त्याच्या मुलीने ती चादर ओढली. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण एका जागी उभी राहील तर शपथ. तिने मोटरसायकल पुन्हा उभी केली आणि माझ्या जागी बाजारातून एक नवीन चाक आणून बसवलं. जाडजूड, जड, राखाडी. मी त्याचं नाव ठेवलं ठोंब्या.

मला मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. तिथून मला सगळं दिसायचं. भिंगरी रोज सरावाहून आली की ठोंब्याला ओल्या फडक्याने पुसायची, आऱ्याआऱ्यातली माती काढायची. माझ्यावर जाळी धरत होती, ती कोणाला दिसत नव्हती. माझा नुसता जळफळाट व्हायचा. ठोंब्याला काय येतं? ना रूप, ना चपळाई. त्याचं टायर फुटावं, तो वाकडा व्हावा, असलं काहीबाही मी मनात आणायचो. ज्या दिवशी तो पंक्चर झाला त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

मग भिंगरीची पहिली मोठी शर्यत आली. सरावात तिला दोन सेकंद जास्त लागत होते. मालक लंगडत आला आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाला, आपलं जुनं लाव, हलकं आहे. मित्रांनो, माझा आनंद काय सांगू! ठोंब्या कोपऱ्यात गेला. मालकाने पोतं अंथरलं आणि मला अकरावा हात दिला, पिवळाधमक, मुलीच्या हेल्मेटसारखा.

बिनट्यूबचं टायर चढवलं, हवा भरली. सकाळी बघतात तर हवा निम्मी. मालकाने व्हॉल्व्ह बदलला. दुसऱ्या सकाळी तेच. तो म्हणाला, जुन्या हलक्या चाकांतून थोडी हवा झिरपतेच, आम्ही शर्यतीआधी पंप मारून निघायचो. जुने शर्यतवाले सगळे असंच म्हणतात. मीही जीव खाऊन हवा धरून ठेवत होतो. पण ती त्या तिसऱ्या आऱ्यापासून निसटायची. मला ठाऊक होतं कुठून. मला बोलता आलं असतं तरी मी बोललो असतो का? नसतो. ठोंब्या परत यायला नको होता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आत्या आली. ही मालकाची धाकटी बहीण, लिफ्टच्या कारखान्यात लोखंडाचे जोड तपासायच्या कामावर आहे. तिने हवेचं ऐकलं, चहाचा कप बाजूला ठेवला आणि साबणाचं पाणी मागितलं. ब्रशने माझ्यावर फासलं. व्हॉल्व्हपाशी काही नाही. तिसऱ्या आऱ्याच्या मुळाशी मात्र रंगाच्या कडेतून बारीक बारीक बुडबुडे यायला लागले.

"दादा, हवा रंगाखालून जातेय," ती म्हणाली. "रंग काढ."

"दहा वर्षं आहेत त्यात," मालक म्हणाला. "माझा हात नाही धजत."

"तुझी दहा झाली. हिची अजून व्हायचीत."

भिंगरी हेल्मेट पोटाशी धरून उभी होती. ती पहिल्यांदाच एका जागी उभी असलेली मी बघितली.  मग मालक स्वतःच उठला आणि रंग काढायच्या औषधाची बाटली घेऊन आला.

पिवळा गेला. मग लाल, सोनेरी, निळा, एकेक वर्ष फडक्यावर उतरत गेलं. कुठल्या रंगाला कुठली शर्यत ते मालक सांगत होता. मी पार उघडा पडलो. आत्याने पिशवीतून कारखान्यातलं, चिरेत मुरणारं लाल औषध काढून लावलं, थोड्या वेळाने पुसलं आणि वर पांढरी पूड फवारली. सगळे वाट बघत बसले. हळूहळू त्या पांढऱ्यावर एक लाल रेघ उमटली. दोन बोटं लांब, आऱ्याच्या मुळापासून थेट कडेपर्यंत.

मालकाने त्या रेघेवर बोट ठेवलं. 

"हे मी माझ्या हाताने हिला बसवून दिलं होतं," तो म्हणाला.

लाज वाटते, पण सांगतो. तेव्हाही मी मनात म्हणत होतो, की एकच तर शर्यत आहे, निभावून नेईन.

शर्यतीला ठोंब्या गेला. मी गॅरेजात जमिनीवर पडून होतो. संध्याकाळी तिघं परतली. चौदा जणांत भिंगरी नववी! मला हसू आवरेना. माझ्यावर बसली असती तर पहिल्या तिघांत असती, हे मी ठोंब्याला ऐकवणार, तेवढ्यात ती खोक्यावर बसून बूट काढता काढता सांगायला लागली. शेवटून दुसऱ्या वळणावर कडेचा दगड लागला, दात वाजले म्हणे, पण चाक सरळ गेलं.

तेच वळण. तोच दगड. माझं हसू तिथेच आटलं. ती बूट काढत होती, पाय चोळत होती, भूक लागली म्हणून ओरडत होती. मालक ठोंब्यापुढे वाकून त्याला पुसत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ठोंब्याचा राग आला नाही. म्हणजे आला, पण थोडा.

मला आहे तसं ठेवायला आत्या तयार नव्हती. म्हणाली, अख्खं चाक दिसलं की उद्या कोणीतरी उचलून बसवणारच. मालकाने करवत घेतली आणि मला मधोमध कापलं. दुसऱ्या कोणाला कापू दिलं नाही. आता चीर असलेला माझा अर्धा भाग दाराशी, हाताच्या उंचीवर टांगलेला आहे. ती लाल रेघ पुसलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं हलकं चाक असेल तर त्याच्यावर जरूर माया करा. पण ती माया रंगाच्या डब्यातून नको. त्याला उघडं करा, उजेडात धरा, जाणत्या माणसाला दाखवा. त्याची हवा जात असेल तर ते तुम्हाला काहीतरी सांगतंय. माझ्यासारखं खोटारडं चाकसुद्धा हवा लपवू शकत नाही.

भिंगरी बाहेर निघताना दाराशी थांबते. माझ्या चिरेवरून एक बोट फिरवते. मग गुडघ्यावर बसून तेच बोट ठोंब्याच्या एकेका आऱ्यावरून फिरवते, सावकाश, सगळे आरे. तेवढा वेळ ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही आणि माझ्या पोटात जुनं दुखणं उठतं.

पण तिचं बोट आधी मला लागतं. ठोंब्याला नंतर.