न लागणारा आजार

टेबलावरच्या उशीला मिठी मारून गिरिजव्वा वाकून बसली होती आणि पाठीत टोचलेल्या सुईतून पाणी बाटलीत उतरत होतं. लालसर, कोऱ्या चहाच्या रंगाचं. बाटली निम्मी भरली तसा श्वास पार छातीच्या तळाशी जाऊन पोचला. कित्येक महिन्यांनी. तिला रडूच आलं.

"अक्का, खोकला आला तर सांगा, थांबू आपण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

छातीत पाणी म्हणजे टीबीच, असं इलकलच्या डॉक्टरनं ठोकून दिलं होतं. पाणी तपासायची तसदीही घेतली नव्हती मेल्यानं. तिनं सहा महिने गोळ्या गिळल्या. तेव्हापासून तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण हातमागाच्या खोलीत. पाच वर्षांच्या सावक्काला त्या खोलीत यायची बंदी. सासू नीलव्वा दारातच ठाण मांडून बसायची. आई दिसायची पोरीला, पण लांबून.

"टीबी नव्हताच," सुई काढून पट्टी लावत बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी तपासायला घेतलेल्या चमचाभर पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्यात. हे पाणी परत भरणार. सारखं टोचण्यापेक्षा बारीक नळी बसवू, म्हणजे घरीच काढता येईल. श्वासाला आराम पडेल."

"आणि आजार?" नवऱ्यानं, चन्नप्पानं विचारलं.

"बरा होणारा नाही. औषधानं थोडे दिवस वाढतील."

गिरिजव्वानं पदर सावरला.

"बाई, हा दुसऱ्याला लागतो का?"

"छे, कुणालाच नाही."

"पोरीला जवळ घेतलं तर चालेल?"

"चालेल की. घ्यायलाच पाहिजे."

घरी आल्यावर चन्नप्पानं कसंबसं सांगितलं. नीलव्वानं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"कॅन्सर ना? म्हणजे पसरत नाही. सुटलो बाबा. गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती."

"अव्वा, गप बस जरा," चन्नप्पा म्हणाला.

गप कसली बसते! तिचा जीव भांड्यात पडला होता. तिनं शेजारच्या कासव्वाला हाक मारून सांगून टाकलं, घरात कुणी परीक्षा पास झाल्यासारखं. गिरिजव्वाच्या अंगाची लाही लाही झाली. पण आत्ताच मिळालेला श्वास तिला या बाईवर खर्च करायचा नव्हता.

"सावक्का, ये," तिनं हात पुढे केले.

पोर जागची हलेना.

"जा की गं, काही होत नाही आता," नीलव्वानं तिला पुढं ढकललं.

सावक्का आली, मांडीवर बसली. किती जड झाली होती! गिरिजव्वानं तिला कवटाळलं. पाठीवरची पट्टी ओढली गेली, दुखलं. दुखू दे. तिनं पोरीच्या केसांत नाक खुपसलं.

मग तिच्या लक्षात आलं, पोर लाकडासारखी ताठ बसलीय. तिनं पोरीचं तोंड आपल्याकडे वळवून पाहिलं. गाल फुगलेले, ओठ गच्च मिटलेले, चेहरा लालबुंद.

"काय गं? श्वास घे की."

सावक्कानं आजीकडे बघत मान हलवली. नाही.

गिरिजव्वानं हात सैल सोडले. पोर टुणकन उठली, दारापर्यंत पळत गेली आणि तिथं पोचल्यावर तिनं श्वास घेतला.